शेवटचे बारा मिलिमीटर

इंजिन चेन पुलीला लटकलेलं, गिअरबॉक्स गाडीतच जॅकवर टेकवलेला आणि दोघांच्या मध्ये बारा मिलिमीटरची फट. सकाळपासून खटपट करून तिथवर आलो होतो, पण त्यापुढे इंजिन हलायला तयार नव्हतं.

गाडी लँड रोव्हर सिरीज थ्री. मूळचं 2286 सीसीचं डिझेल इंजिन उतरवून त्या जागी लँड रोव्हरचंच 200 टीडीआय हे टर्बो डिझेल इंजिन बसवायचं होतं. हे इंजिन 1989 मध्ये डिस्कव्हरीबरोबर आलं. जुन्या लँड रोव्हरवाल्यांना हा बदल नवा नाही, कारण दोन्ही इंजिनं एकाच घराण्यातली आहेत. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, दोघांचाही 90.47 मिमी. वाढलाय तो फक्त स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 88.9 वरून 97, आणि तेवढ्यावरच इंजिन 2495 सीसीचं होतं. शिवाय टर्बो, इंटरकूलर आणि डायरेक्ट इंजेक्शन. 62 अश्वशक्तीच्या जागी 111. बेल हाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडलं जाणारं गिअरबॉक्सचं घंटेसारखं तोंड, जवळजवळ जुळतं, एखाददुसरा स्टड बदलावा लागतो. डिस्कव्हरीचा टर्बो खालच्या अंगाला असल्यामुळे चासिसला भिडतो, म्हणून डिफेंडरचं मॅनिफोल्ड लावून तो वर घेतला होता. ही सगळी कामं आधीच उरकली होती. राहिलं होतं ते इंजिन आणि गिअरबॉक्सचं लग्न लावणं.

गाडीचे मालक काका सकाळीच येऊन बसले होते. ही गाडी त्यांनी उमेदीच्या काळात घेतली आणि कधीच विकली नाही. चढावर मागच्या गाड्यांची रांग लागते, एवढीच त्यांची तक्रार.

"दादा, बोल्ट लावून ओढू का?" माझ्या हाताखालचा पोरगा म्हणाला. त्याच्या हातात लांब बोल्ट तयार होते. "चारी बाजूंनी सारखे आवळले की येईल जवळ."

"पाना खाली ठेव."

जरा जोरातच बोललो, कारण तसं ओढलेलं काय करतं ते मी पाहिलंय. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं. त्याचा कान तुटला तर ते निदान डोळ्यांना दिसतं. आतलं नुकसान मात्र गाडी चालायला लागल्यावर कळतं. इंजिन आणि गिअरबॉक्स सरळ रेषेत असतील, तर शेवटचं अंतर हाताच्या ढकलण्याने मिटतं. मिटलं नाही तर आत काहीतरी अडलंय, आणि काय अडलंय ते शोधायचं.

आधी संशय क्लच प्लेटवर गेला. प्लेट मध्यावर नसली की गिअरबॉक्समधून पुढे आलेला क्लच शाफ्ट तिच्या दातांत शिरत नाही. पण गिअर टाकून इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवला, तर गिअरबॉक्समागच्या ट्रान्सफर केसचा, म्हणजे चाकांकडे ताकद वाटणाऱ्या पेटीचा, मागचा फ्लँज फिरला. म्हणजे दात बसले होते. मग टॉर्च घेऊन गोल फिरत व्हर्नियरने फट मोजली. वर बारा, खाली बारा, डावी-उजवीकडेही तेवढीच. इंजिन वाकडं नव्हतं. उरली एकच जागा: क्लच शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या भोकात ज्या ब्राँझच्या बुशमध्ये, म्हणजे छोट्या नळकांड्यात, बसतं, तो स्पिगॉट बुश.

तो बुश मीच बसवला होता, नवा, रात्रभर तेलात भिजवून. बसवण्याआधी शाफ्टच्या टोकावर सरकवून पाहिला, तेव्हा तो छान फिरत होता. क्लच प्लेट मध्यावर धरायला वापरतात ती डमी शाफ्टही आरामात आत गेली होती. मग तिचं टोक मोजलं, तर ते खऱ्या शाफ्टपेक्षा बारीक निघालं.

इंजिन पुन्हा बाहेर घेतलं. अर्धा दिवस गेला, काका काही बोलले नाहीत. क्लच उतरवला आणि उजेड टाकला. बुशच्या तोंडाशी सोन्यासारखी चमकणारी कडी उमटली होती आणि शाफ्टच्या टोकावर ब्राँझचा पुसट पिवळा लेप. बुश क्रँकमध्ये घट्ट ठोकला की बाहेरून दाबला जातो आणि त्याचं आतलं भोक आकसतं. मोजलं तर शाफ्टपेक्षा चार शतांश मिलिमीटर कमी. माप बसवल्यावर घ्यायचं असतं, मी ते आधी घेतलं होतं.

हे पोराला समजावून सांगणं मला कामापेक्षा महत्त्वाचं वाटलं. क्लच दाबला की इंजिन फिरत राहतं आणि शाफ्ट थांबायला हवा. त्या क्षणी दोघांमधला दुवा हा बुशच असतो. तो घट्ट असेल तर शाफ्टला ओढत नेतो, क्लच सुटतच नाही, गिअर करकरतात आणि दोष जातो क्लच प्लेटला. बोल्टने ओढलं असतं तर आम्ही नेमकं तेच करून ठेवलं असतं.

बुश ग्रीसने काढला. भोकात ग्रीस गच्च भरायचं, भोकात नेमका बसेल असा दांडा घालायचा आणि हातोडीने ठोकायचं. ग्रीसला जायला दुसरी वाट नसते, म्हणून ते मागून बुशला ढकलतं. चौथ्या ठोक्याला बुश वर सरकला. पोरगा मागे वळून म्हणाला, "काका, बघा!" आणि काका सकाळपासून पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

दुसरा बुश भिजवलेला होताच. या ब्राँझच्या अंगात तेल मुरतं, म्हणून त्याला आतून एमरी पेपरने घासायचं नाही, छिद्रं बुजतात. लेथवर एक दांडा केला, टोक शाफ्टपेक्षा तीन शतांश जाड, आणि त्याच्यावरच बुश ठोकला, म्हणजे भोक त्या मापाखाली जाणार नाही. मग खरं माप घेतलं. दोनदा.

संध्याकाळी इंजिन पुन्हा पुढे घेतलं. बारा मिलिमीटरवर मी श्वास रोखला होता. पोराने एका हाताने इंजिनाची पुढची पुली हलवली, मी खांद्याने रेटा दिला आणि दोन्ही तोंडं टक्कन मिळाली. बोल्ट बोटांनी आत गेले.

ब्रेक नीट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही, हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चारही ड्रम उघडायचे होते, मागचे एक्सल शाफ्टही एवढ्या ताकदीला पुरतात का ते बघायचं होतं. त्यामुळे इंजिन सुरू झालं ते दोन दिवसांनी, आणि तेही जागेवरच. काकांना शेजारी बसवलं. क्लच दाबला आणि सरळ रिव्हर्सचा लिव्हर ओढला. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात जुळण्याआधी गती सारखी करणारी कडी, नाही, क्लच जरा जरी धरत असेल तर तो ओरडून सांगतो.

काका माझ्या हाताकडे बघत होते. "गिअर पडला का रे?"

"पडला, काका."

त्यांना आवाजच आला नव्हता.