भरदुपारी दूरचं मीडियम वेव्ह

दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) सर्वात खालचा डी थर मीडियम वेव्हच्या (रेडिओच्या एएम पट्ट्याच्या) आकाशलहरी, म्हणजे वर जाऊन दूरवर परतणाऱ्या लहरी, शोषून घेतो. हाती उरते ती जमिनीलगतची लहर. ती कमी फ्रिक्वेन्सीवर आणि खाऱ्या पाण्यावरून जास्त लांब जाते, म्हणून दूरच्या स्टेशनांचा शोध पट्ट्याच्या खालच्या टोकाकडून, ५३१ किलोहर्ट्झपासून सुरू करा. एलईडी दिवे, चार्जर खरखर करतात, ते आधी बंद.

खरी मजा लूप अँटेनात, म्हणजे वायरच्या वेढ्यांच्या अँटेनात आहे. ६० सेंमी बाजूच्या लाकडी चौकटीवर ११-१२ वेढे, टोकांना ३६५ पिकोफॅरडचा गँग (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). वायर रेडिओला जोडायची नाही. रेडिओच्या आतला फेराइट रॉड (त्याचा स्वतःचा अँटेना) वेढ्यांच्या पातळीशी काटकोनात येईल असा रेडिओ जवळ ठेवायचा. गँग अगदी हळू फिरवा. नुसत्या खरखरीतून एकदम माणसाचा आवाज वर येतो, तो क्षण फार सुंदर! पट्ट्याचं खालचं टोक लागत नसेल तर एक वेढा वाढवा. जवळचं दणकट स्टेशन आड येत असेल, तर लूप आणि रेडिओ एकत्र फिरवून ते क्षीण करा.