अनोळखी पाझर तलाव, दिवस पहिला: मुरमाचा खड्डा सापडला

सांगलीजवळ हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर गळ टाकून इतकी वर्षं बसलोय की वाहत्या पाण्यात मासा कुठं उभा असेल ते बघितल्या बघितल्या कळतं, पण रविवारी पहिल्यांदाच दंडोबाच्या डोंगरापलीकडं एका छोट्या पाझर तलावावर गेलतो आणि तिथं काहीच कळेना. सगळीकडं सारखंच पाणी. एका बाजूला भराव, टोकाला सांडवा, काठाला वेडी बाभूळ आणि पाणकणीस, वरच्या अंगाला द्राक्षबागा. मासेमारीचा ठेका गावातल्या सोसायटीकडं आहे म्हणून राखणीच्या मामांना आदल्या दिवशीच फोन केलता, चिलापी (तिलापिया) पाहिजे तेवढी न्या, रोहू कटला लागला तर परत सोडायचा नाहीतर वजनावर पैसे द्यायचे असं ठरलं. (कुठंही जा, हे आधी विचाराच, माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, लोकांनी पैसे घालून सोडलेलं असतं.)

सामान नेहमीचंच, १० फुटी रॉड, लहान रीळ, ०.२५ मिमीची तंगूस, ८ नंबरचा गळ. गळाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकतो, मासा सोडायचा असला की तोंड फाटत नाही. चाऱ्याला भिजवलेली शेंगपेंड, कणीक, थोडा भाताचा कोंडा आणि डबीत गांडूळं.

पावणेसातला पोचलो, पाण्यात थर्मामीटर सोडला तर १९ डिग्री. फेब्रुवारीतली सकाळ, चिलापी अशा गार पाण्यात सुस्तच असते, तरी भरावाला पाणी खोल असणार म्हणून पिचिंगच्या, म्हणजे भरावाच्या उतारावर रचलेल्या, दगडावर बसलो. सव्वादोन तास फ्लोट हलला नाही. एकदोनदा लांब पाणकणसाकडं मरळ वर येऊन हवा घेऊन गेली, बाकी शांत.

नऊ वाजता मामा आले, बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं नगा बसू. हितं नुसता गाळ हाय. त्या पलीकडच्या बाभळीम्होरं टाका, तितं मुरमाचा खड्डा हाय." मग बसले आणि सांगायला लागले. तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. त्यांची आई ह्याच कामावर पाट्या टाकायला होती, मामा तेव्हा अंगावर पिणारं पोर, आणि भरावाचा मुरूम उचलला तो सगळा त्या बाभळीखालनं. मजुरी आणि वर सुकडी. "आई म्हातारी झाली तरी हितनं जाताना बोट करून दावायची, ह्यो माझा खड्डा म्हणून. उन्हाळ्यात समदं आटतं, पण तितं म्हशी बसत्यात." मी रॉड खाली ठेवून ऐकत बसलो.

मग जे सकाळी पोचल्या पोचल्या करायला पाहिजे होतं ते केलं. गळाला शिशाचा जड तुकडा लावून बाभळीसमोर पंख्यासारखं टाकत टाकत तळ मोजला. काठापासून ४ फूट, ४ फूट, साडेचार, आणि एकदम ९. परत ९. पुढं परत ५. म्हणजे खड्ड्याला अजून कडा आहे, गाळानं भरला नाही. नदीत मी तळ कधी मोजत नाही, प्रवाह सांगतो, साचलेल्या पाण्यात मात्र शिसं टाकल्याशिवाय मला नीट कळत नाही, आणि हे नव्या तलावावर पहिला तासभर नुसतं एवढंच करण्यासारखं काम आहे. ९ फुटाला १० फुटी रॉडवर एका जागी बांधलेला फ्लोट टाकता येईना म्हणून फ्लोट सरकता केला, आणि तो खोलीवर अडावा म्हणून वर तंगुशीला दोऱ्याची गाठ मारली. पेंडीचे लिंबाएवढे ६ गोळे खड्ड्याच्या काठावर टाकले, आत नाही, कारण मासा कडेनं चरतो.

साडेदहापर्यंत ऊन चढलं, पाणी २२ वर गेलं, आणि गांडुळाला पहिली चिलापी आली. मग लागोपाठ. बारापर्यंत ११, सगळ्यात मोठी ३५० ग्रॅमची. १९५२ साली बाहेरनं आणलेला मासा हा, पिल्लं तोंडात वाढवतो आणि लहान तलावात गर्दी करून टाकतो, त्यामुळं ह्या नेल्या तर सोसायटीला बरंच.

साडेबाराला पेंडकणकेची गोळी लावली, फ्लोट आधी आडवा झाला मग गेला. जड मासा. रिळाचा ड्रॅग (मासा ओढला की तंगूस सुटू देणारा ब्रेक) सकाळपासून घट्टच ठेवलेला आणि त्यानं खड्ड्याच्या कडेवरनं ओढ घेतली, तंगूस तुटली. गळ त्याच्या तोंडात राहिला ह्याचं लय वाईट वाटलं, अजून वाटतंय. तंगूस हातानं ओढून बघत ड्रॅग सैल केला, ताज्या तंगुशीवर नवा गळ बांधला. पाऊण तासानं परत तसाच आडवा फ्लोट, ह्यावेळी पळू दिला, तीनदा खड्ड्यात गेला, चौथ्यांदा जाळीत. रोहू, १ किलो ८००. साचलेल्या पाण्यात रोहू अंडी घालत नाही, म्हणजे इथला एकेक रोहू कुणीतरी बीज म्हणून आणून सोडलेला. हात ओले करून पकडला, काठाच्या पाण्यात दोन मिनिटं धरला, शेपटी मारून गेला.

निम्म्या चिलाप्या मामांच्या घरी दिल्या. मामी म्हणाल्या सांडव्याच्या अंगाला पण मुरूम उचललेला, सासूबाई सांगायच्या. वहीत पहिल्या खड्ड्याचा नकाशा काढलाय, बाभळीपासून १५ पावलं, दुसऱ्याची जागा रिकामी ठेवलीय. पुढच्या रविवारी आधी शिसं, मग रॉड.