चोविसाव्यानंतरचा शॉट

मी नेमबाजांच्या मानसिक तयारीचं काम करतो. स्पर्धेच्या दिवशी हे काम जवळपास संपलेलं असतं. फायरिंग लाइनच्या मागे खुर्चीत बसायचं आणि बघायचं. दहा मीटर एअर रायफलच्या एका पात्रता फेरीतला असाच एक दिवस मी विसरू शकत नाही.

पात्रता फेरीत साठ शॉट्स, म्हणजे दहा-दहाच्या सहा सिरीज, आणि पंचाहत्तर मिनिटं असतात. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि त्यावर मारायची पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरची. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण. माझ्याकडे येणारी मुलगी पहिल्या दोन सिरीजमध्ये १०४.३ आणि १०४.६ वर होती. तिच्या सरावातले आकडेही साधारण असेच असतात. तिसऱ्या सिरीजचे पहिले तीन शॉट्सही नीट गेले.

चोविसावा शॉट. गाल रायफलच्या दस्त्यावर (स्टॉकवर) टेकलेला, श्वास सोडून थांबवलेला. एरवी पाच-सात सेकंदांत तिचा शॉट सुटतो. या वेळी दहा सेकंद होऊन गेले तरी रायफल वरच. इतका वेळ डोळा एका जागी रोखला की त्याला आधीचंच चित्र दिसत राहतं. रायफल किंचित सरकलेली असते आणि डोळा सांगत असतो, जागेवर आहे. अशा वेळी शॉट मारायचा नाही, रायफल खाली घ्यायची, हे नव्याने शिकणाऱ्यालाही पाठ असतं. तिने ट्रिगर दाबला.

मॉनिटरवर ठिपका उमटला तो घड्याळातल्या चारच्या दिशेला, मध्यापासून चांगलाच लांब. ८.४.

माझं लक्ष त्या आकड्यापेक्षा तिच्या हातांकडे होतं. दोन शॉट्समध्ये ती चाळीस-पन्नास सेकंद घेते. रायफल स्टँडवर टेकवते, नजर खाली घेते, दोन श्वास घेते, मग पेलेट भरते. या वेळी रायफल स्टँडला टेकली न टेकली तोच पेलेट भरून झाली आणि पुन्हा नेम. ९.६.

बॅडमिंटन किंवा टेबल टेनिसमध्ये एक गुण गेला की समोरचा खेळाडू लगेच पुढच्या गुणासाठी उभा राहतो. त्याच्याकडे बघावंच लागतं. हा त्रास वाटतो खरा, पण तोच खेळाडूला चुकीतून ओढून बाहेर काढतो. नेमबाजीत समोरून काहीच येत नाही. टार्गेट जागचं हलत नाही, वेळ भरपूर शिल्लक असतो आणि चुकलेला शॉट आकड्यासकट मॉनिटरवर तुमच्याकडे बघत असतो. म्हणून मला नेहमी वाटतं की चुकीनंतर सावरणं सर्वांत कठीण या खेळात आहे. शांत दिसणाऱ्या या मुलांच्या आत काय चाललेलं असतं ते बाहेरून कळत नाही, आणि ‘उभं राहून मारायचं तर असतं’ असं कोणी म्हणालं की मला फार वाईट वाटतं.

सव्विसाव्या शॉटसाठी तिचा हात पेलेटच्या डबीकडे गेला आणि थांबला. तिने रायफल स्टँडवर ठेवली, रायफल रिकामी असल्याचं दाखवणारा सेफ्टी फ्लॅग लावला, रेंज ऑफिसरला सांगितलं आणि ती लाइन सोडून मागे आली. लाइनवर उभं असताना प्रशिक्षकाशी बोलता येत नाही, पण असं मागे येऊन बोलता येतं. घड्याळ मात्र चालूच राहतं. सरावात आम्ही हे मुद्दाम करून घेतलं होतं. तरी प्रत्यक्ष स्पर्धेत, डोक्यात ८.४ घणघणत असताना, स्वतःहून पाऊल मागे घ्यायला जी हिंमत लागते ती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

“सर, दोन गुण गेले. आता भरून काढायला...”

“पायाखाली काय लागत होतं?” मी विचारलं.

“काय?”

“आत्ता लाइनवर उभी होतीस ना? पायाखाली काय लागत होतं?”

तिने डोळे मिटले. बुटात बोटं हलवली असावीत. “चवडा. डावी टाच... टाच लागतच नव्हती सर. सगळं वजन पुढे गेलंय.”

“मग?”

“पायापासून परत उभी राहते.”

एवढंच बोलणं झालं. ‘विसरून जा’ असं मी खेळाडूला कधीच सांगत नाही. विसर म्हटलं की आधी ते आठवावं लागतं. ‘भरून काढू’ हा विचार तर त्याहून घातक आहे. सरासरी १०.४ ची असेल तर एका शॉटमध्ये वरचे मिळून मिळून अर्धा गुण मिळतो. म्हणजे त्या एका ८.४ ची भरपाई करायला सलग चार वेळा १०.९ मारावे लागतील. ते मारायच्या हट्टापायी खेळाडू नेम आणखी लांबवतो, आणि नेम लांबला म्हणूनच तर ८.४ गेला होता. पायाकडे लक्ष वळवलं की मनाला करायला खरं काम मिळतं. घाबरलेलं शरीर पुढे झुकतं, खांदे चढतात, पकड आवळते. दुरुस्ती तिथे करता येते. गेलेल्या शॉटमध्ये करता येत नाही.

ती परत गेली. टाच टेकवली, पावलं पुन्हा जुळवली, दोनदा ड्राय फायर केलं, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर दाबला. मग पेलेट भरली. १०.२. पुढचा १०.५. मध्ये एकदा रायफल वर नेऊन तिने न मारताच खाली घेतली, तेव्हा मला त्या दिवसातला सर्वांत मोठा आनंद झाला. चोविसाव्या शॉटला जे राहून गेलं होतं ते तिने आता केलं होतं.

नेमबाजांमध्ये मॅथ्यू एमन्सची गोष्ट नेहमी सांगितली जाते. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनच्या (झोपून, गुडघ्यावर आणि उभं राहून मारायच्या प्रकाराच्या) अंतिम फेरीत हा अमेरिकन खेळाडू एक शॉट शिल्लक असताना तीन गुणांनी पुढे होता. शेवटचा शॉट त्याने शेजारच्या टार्गेटवर मारला. गुण शून्य, क्रमांक आठवा. २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात शेवटचा शॉट ४.४ गेला आणि तो चौथा आला. २०१२ मध्ये लंडनला त्याने कांस्य जिंकलं. माणूस म्हणून मला त्याच्याबद्दल नितांत आदर आहे. पण मुलांना मी सांगतो की त्याच्याकडे मधे चार-चार वर्षं होती, तुमच्याकडे पुढच्या शॉटआधीचं एक मिनिट आहे. त्या मिनिटाची तयारी वेगळी करावी लागते.

तिच्या शेवटच्या तीन सिरीज १०४.८, १०५.१ आणि १०४.६. एकूण ६२५.३. आठव्या क्रमांकाचा आकडा ६२५.७ होता. अंतिम फेरी ०.४ ने हुकली.

वडील बाहेर थांबले होते. “त्या एका ८.४ ने घात केला,” ते म्हणाले. त्यांचंही चुकत नव्हतं, हिशेब तसाच दिसत होता. तिने मान हलवली आणि स्कोअरशीट त्यांच्यासमोर धरलं. तिचं बोट चोविसाव्या शॉटवर नव्हतं, त्याखालच्या ओळीवर होतं.

“बाबा, ८.४ गेला तो गेला. हा ९.६ मी घाईत मारलाय. इथे नेहमीसारखा १०.४ असता तरी मी फायनलमध्ये होते.”

त्या आठवड्यात आम्ही सरावाचा आराखडा बदलला. आता सरावात शॉट दहाच्या खाली गेला की ती डबीला हात लावत नाही. रायफल स्टँडवर, नजर खाली, टाच टेकली का ते बघायचं, एक ड्राय फायर, मगच पेलेट. डायरीत चुकलेल्या शॉटसाठी एक ओळ आणि त्याच्या पुढच्या शॉटसाठी चार ओळी असं तिनेच ठरवलंय. मागच्या पानावर तिने त्या स्पर्धेतला पंचविसावा शॉट लिहून ठेवलाय: पेलेट भरायला किती सेकंद घेतले, श्वास कुठे होता, टाच कुठे होती.