पंधरा ऑगस्टचा सेल आणि महालक्ष्म्यांची चणाडाळ

12 ऑगस्ट 2025, मंगळवार

सकाळी पेपर उघडला तर आतून पत्रक पडलं. रिंग रोडवरच्या मोठ्या दुकानात उद्यापासून पाच दिवस सेल. रवा, मैदा, बेसन, कडधान्यं, तेल, साबण, काही एकावर एक, काही निम्म्या भावात. चहा होईस्तोवर मी ते दोनदा वाचलं आणि देवघराखालच्या कप्प्यातून किराण्याची वही काढली.

ही वही सहा वर्षांपासून आहे. पाकीट फोडलं की त्यावर पेनानं तारीख टाकायची, संपलं की वहीत एक ओळ लिहायची. त्यामुळे घराला महिन्याला काय लागतं ते मला आठवत बसावं लागत नाही. तूरडाळ तीन किलो, तेल चार लिटर, चहापत्ती पाऊण किलो, अंगाचे साबण सहा. साखर साडेतीन किलो. दोन वर्षांआधीपर्यंत साखर पाच किलो लागायची. माझे सासरे, मामाजी, दुपारी तीनला, पाचला आणि जेवण झाल्यावर एकदा असा चहा घ्यायचे. ते गेले त्या महिन्यात वहीत मी दुसरं काही लिहिलेलं नाही. साखरेचा आकडा तेवढा खाली आलेला दिसतो. आज तो पाहिला आणि थोडा वेळ पुढचं पान उलटलंच नाही.

मागच्या वर्षी याच दिवसांत मी वही न बघता गेले होते. पाच किलो रवा, पाच किलो बेसन, तीन किलो अख्खे मूग. भाव पाहून हात आवरला नाही. सप्टेंबर संपता संपता रव्यात जाळी धरली, बेसनात अळ्या, मुगाच्या दाण्यादाण्याला भोक. आई (माझ्या सासूबाई) एक शब्द बोलल्या नाहीत. दोन तास माझ्या शेजारी बसून त्यांनी मूग पाखडले, वाचतील तेवढे वाचवले. बाकीचं कचरागाडीत टाकताना मला फार वाईट वाटलं होतं. अन्न विकत आणून टाकायचं, यापेक्षा महाग काही नाही.

म्हणून यंदा आधी बसून विचार. दुपारी आईंना पत्रक वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात काहून भरून राहिली वं? भरायचं ते चैत-वैशाखात."

त्यांचं म्हणणं नुसत्या सवयीचं नाही, त्यामागे सगळं गणित आहे. नवी तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारीत, चणा फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिलमध्ये. मिरचीही तेव्हाचीच, आमच्याकडे भिवापूरची. म्हणजे माल नवा आणि वर ऊन. नागपूरचं मे महिन्यातलं पंचेचाळीसचं ऊन बाकी सगळ्याला नकोसं, पण धान्याला ते औषध आहे. गच्चीवर चादर टाकून दोन-तीन दिवस वाळवलं की दाण्यातली ओल जाते, कीड आणि तिची अंडी मरतात. मग तूरडाळीला एरंडेलाचा हात, गव्हात कडुनिंबाचा पाला. तेलाचा पातळ थर बसला की भुंग्याला दाण्यावर अंडी घालता येत नाहीत, घातली तरी जगत नाहीत. ऑगस्टात यातलं काहीच नाही. काडेपेटी पेटत नाही, मिठाला पाणी सुटतं, गूळ डब्यात चिकट होऊन बसतो. दुकानाचा सेल पंधरा ऑगस्ट बघून लागतो, धान्याला पंधरा ऑगस्ट माहीत नाही.

पण आमच्या घरात ऑगस्टनंतर लगेच महालक्ष्म्या (गौरी) आहेत. यंदा 31 तारखेला येणार, 1 सप्टेंबरला जेवण. चाळीस पान असतंच. तेव्हा काहीच घ्यायचं नाही असंही चालत नाही. संध्याकाळी यादी केली ती महालक्ष्म्या डोळ्यापुढे ठेवूनच.

14 ऑगस्ट, गुरुवार

सकाळी साडेदहाला दुकान उघडता उघडता मुलाला घेऊन गेले. त्याला म्हटलं, मोबाइलवर तू हिशेब कर, मी वस्तू बघते.

आधी चणाडाळ, कारण खरा प्रश्न तोच होता. पुरणाला माणशी शंभर ग्रॅम डाळ धरते मी, चाळीस माणसांना चार किलो. वड्यांना आणि वरच्याला दोन. इतवारीच्या किराणा ओळीत परवा भाव विचारून आले होते. सुट्या डाळीवर जीएसटी नाही आणि पंचवीस किलोपर्यंतच्या पाकीटबंद डाळीवर 5 टक्के आहे, त्यामुळे बहुतेक वेळा इतवारीचीच स्वस्त पडते. यावेळी मात्र सेलमधली किलोमागे सहा रुपयांनी कमी होती. पाकीट उजेडात धरून पाहिलं. तळाशी पीठ साचलेलं नव्हतं, दाणा अखंड, तारीख जुलैची. सहा किलो घेतली. पीठ साचलेलं पाकीट कितीही स्वस्त मिळो, मी घेत नाही. ते पीठ म्हणजे आत कुणीतरी आधीच जेवून गेलं आहे.

शेजारीच अख्खे मूग आणि चवळी, एकावर एक. मुलगा म्हणाला, "आई, हे तर फुकट आहे." त्याला तिथेच सांगितलं. भुंगा अंडी घालतो ती अख्ख्या दाण्याच्या सालीवर, आणि अळी आत दाणा पोखरून वाढते. डाळ भरडली, साल गेली, दोन पाकळ्या झाल्या की त्याला तितकी जागा उरत नाही. म्हणून पूर्वीच्या बायका अख्खं कडधान्य थोडं आणि डाळ जास्त ठेवायच्या. आम्ही एक किलो मूग घेतले. ते महिन्यात उसळीला संपतात, वहीत आहे.

तेलापाशी सगळ्यात जास्त वेळ गेला. सेलचा फलक होता त्या सोयाबीन तेलाचं पाकीट 136 रुपयांना, आणि फलक नव्हता त्याचं 142 ला. माणसाचा हात 136 कडेच जाणार. पण आता पाकिटं ठरलेल्या मापात येत नाहीत, बारीक अक्षर वाचावं लागतं. स्वस्त दिसणाऱ्यात 850 ग्रॅम, दुसऱ्यात पूर्ण एक लिटर, म्हणजे 910 ग्रॅम. मुलानं भागाकार केला. पहिलं किलोला 160 पडलं, दुसरं 156. लिटरचीच आठ पाकिटं घेतली. चार महिन्याच्या वापराची, चार महालक्ष्म्यांच्या तळणाची. बंद पाकीट अंधाऱ्या कपाटात छापलेल्या तारखेपर्यंत नीट राहतं, पावसाळ्याचा त्याला त्रास नाही. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भाव आता छापलेला असतो, पण ग्रॅम एकावर आणि लिटर दुसऱ्यावर असलं की पुन्हा भागाकार आलाच.

तांदळाकडे गेलोच नाही. तिथे बासमतीवर मोठी सूट होती. पण आमच्या घरात भात म्हणजे एचएमटी, आणि त्याचं अर्धं पोतं अजून आहे. ब्रह्मपुरीच्या आत्याबाई जानेवारीत पाठवतात. मुलाला विचारलं, घड्याळाचं नाव तांदळाला का, माहीत आहे? त्याला माहीत नव्हतं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, थोड्याशा शेतीचे मालक. 1983 मध्ये त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, पेरून, पुन्हा निवडून त्यांनी हा वाण काढला. तेव्हा एचएमटीची घड्याळं लोकांच्या हातात होती, तेच नाव याला पडलं. 2018 मध्ये ते गेले. आपण रोज खातो तो भात कुणाच्या नजरेतून आला हे पोराला माहीत असलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तेलाच्या कपाटापुढे उभा राहून त्यानं ते नीट ऐकलं.

रवा एक किलो, मैदा एक किलो, फुलोऱ्याच्या करंज्यांपुरता. घरी आल्याबरोबर रवा भाजून ठेवला आणि बेसनाची दोन पाकिटं आठवडाभरासाठी फ्रीझरमध्ये टाकली. आतली अंडी थंडीनं मरतात, मग पाकीट बाहेर काढलं तरी चालतं. मात्र बाहेर आल्यावर त्याचा गारवा पूर्ण जाईस्तोवर फोडायचं नाही, नाहीतर आत पाणी धरतं. गूळ चार किलो, शेवटच्या आठवड्यात इतवारीतून आणीन. आत्ता आणला तर त्याला पाणी सुटेल.

तूप तीन लिटर घेतलं.

15 ऑगस्ट, शुक्रवार

साबण आणि टूथपेस्ट घ्यायचं आजसाठी ठेवलं होतं. साबण खराब होत नाही, उलट वेष्टन काढून कपाटात ठेवला की कडक होतो आणि जास्त दिवस पुरतो, म्हणून चोवीस घ्यायचे ठरवलं होतं. सकाळी लाल किल्ल्यावरचं भाषण ऐकत होतो. त्यात दिवाळीपर्यंत जीएसटी बदलणार, रोजच्या वस्तूंवरचा कर कमी होणार असं आलं. साबणावर, टूथपेस्टवर आत्ता 18 टक्के आहे. नेमकं काय कमी होईल हे आज कुणी सांगितलेलं नाही, पण भाव उतरण्याची शक्यता असताना चार महिन्यांचा साबण भरून ठेवायला माझं मन तयार होईना. सहाच आणले, एका महिन्याचे. हे म्हणाले, "सेलमध्ये तीस टक्के आहे, तू सोडून राहिली." खरं आहे. पण कपाटात पडलेल्या वस्तूत पैसे अडकतात, आणि या महिन्यात ते पैसे चाळीस पानांना लागणार आहेत.

1 सप्टेंबर, सोमवार, रात्री

पाय दुखत आहेत, थोडंच लिहिते. महालक्ष्म्यांचं जेवण झालं. चाळीस सांगितले होते, सेहेचाळीस आले. पुरण पुरलं. सोळा भाज्या, आंबिल, कढी, वडे, सगळं वेळेत पानावर गेलं. आईंनी पुरण वाटताना एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "डाळ चांगली शिजली बाई. नवीन नसूनही." मला त्याचा फार आनंद झाला.

मामाजी दर वर्षी पहिल्या पंगतीत उजव्या कोपऱ्यात बसायचे. आज तिथे मुलगा बसला. कुणी सांगितलं नव्हतं.

22 सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

आजपासून नवे दर लागू झाले. अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट 18 वरून 5 वर, तूप 12 वरून 5 वर. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं जुन्या छापील भावातून तेवढं कमी करून दिलं. तुपाचे तीन लिटर मी जुन्या दरानं घेतले होते. त्याला इलाज नव्हता, पुरणपोळीवर तूप 1 सप्टेंबरलाच लागणार होतं.

डबे काढून पाहिले. रवा संपला. बेसनाचं एक पाकीट शिल्लक, स्वच्छ. मुगाला भोक नाही. चणाडाळ सातशे ग्रॅम आहे. वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी लिहिलं: चणाडाळ साडेपाच किलो पुरे. रवा एकच. गूळ शेवटच्या आठवड्यात. त्याखाली आईंनी मला लिहायला लावलं, एप्रिल, तूर आणि गहू, गच्ची धुऊन ठेवणे.