७०० ग्रॅमचं किट आणि वाडीच्या चार चकरा

नागपूरजवळच्या वाडीत कुरिअरचं गोदाम आहे, त्याच्या खिडकीपाशी मी एकूण चार वेळा उभा राहिलो, आणि चारही वेळा पावसात. कशासाठी, तर करंगळीएवढ्या एका काळ्या काडीसाठी. ती काडी आता कुठे आहे ते शेवटी सांगतो, कारण ते आठवलं की मला अजूनही धड हसू येत नाही आणि धड रागही येत नाही.

आमच्या घरात नागद्वारची यात्रा जुनी. आजोबा जायचे, मग बाबा, आता मी. नागपंचमीच्या आधीचे आठ-दहा दिवस सातपुड्यातली ती वाट उघडते, एरवी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल म्हणून बंद. सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढी गाठायची आणि तिथून पुढे पायी. मागच्या वर्षी उतरताना माझा गुडघा मुरगळला. मी हरवलो नव्हतो, नुसता मागे पडलो होतो. पण धुकं, अंधार, मोबाईलला रेंज नाही, आणि टॉर्च सॅकमध्ये कधीतरी दाबला जाऊन दिवसभर पेटलेला, म्हणजे सेल संपलेले. रात्री सातपासून पहाटे तीनपर्यंत एका कपारीखाली ओल्या कपड्यांत बसून होतो. मे महिन्यात ४५ डिग्रीत स्कूटर चालवणारा माणूस मी, ऑगस्टच्या वाऱ्यात दात वाजत होते. शेवटी एका मंडळाची माणसं मागून आली, त्यांनी चहा पाजला, हात धरून खाली आणलं.

घरी आल्यावर ठरवलं की पुढच्या वेळी पाठीवर एक पिशवी असेलच, आणि तीही साडेसातशे ग्रॅमच्या आत. ही मर्यादा मी मुद्दाम घातली. मी स्वतःला ओळखतो. पिशवी किलोभर झाली की ‘आज काय गरज आहे’ म्हणत ती बसमध्येच राहणार.

बहुतेक सामान दोन शनिवारांत जमलं. बर्डीवर हेडटॉर्च आणि बिनगोळीची शिट्टी मिळाली. खेळाच्या दुकानात आधी रेफ्रीची शिट्टी दाखवतात. तिच्यातली बुचाची गोळी भिजली की अडकते, ती घेऊ नका. दोरी इतवारीत लोहा ओळीत, सहा मीटर. कामठीला फौजी सामानाच्या दुकानात चेन आणि वर घडी असलेली वॉटरप्रूफ थैली. गांधीबागच्या दवा बाजारात क्रेप बँडेज, गॉज, चिकटपट्ट्या, ओआरएस. अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली ती चकचकीत पातळ ब्लँकेटसुद्धा एका सर्जिकलवाल्याकडे निघाली. वजन पन्नास-पंचावन्न ग्रॅम, घडी केली की खिशात. १९६४ साली नासाच्या कामासाठी बनलेली ही वस्तू. अंगाची उष्णता परत अंगाकडे फेकते, पण खालून जमिनीची थंडी अडवत नाही, म्हणून तिच्यावर बसायचं नाही, ती गुंडाळायची. बसायला सॅक किंवा झाडपाला.

अडलं ते दोन गोष्टींवर. पाणी शुद्ध करायच्या क्लोरिनच्या गोळ्या मिळाल्या, पण वीस लिटरच्या. एका गोळीचे वीस सारखे तुकडे करून बघा, मग बोला. आणि ओल्यातही ठिणगी देणारी ती फेरोसेरियमची काडी नागपुरात मला कुठेच दिसली नाही. मग एका साईटवर तयार ‘सर्व्हायव्हल किट’ दिसलं. त्यात काडीही होती, एक-एक लिटरच्या गोळ्याही होत्या, शिवाय आणखी चौदा वस्तू. १४४९ रुपये. मी मोहात पडलो.

चौथ्या दिवशी पार्सल नागपूरला पोचल्याचा मेसेज आला. पाचव्या दिवशी दुसरा मेसेज, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. बाबा सकाळपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ते तिथे बसतात तेव्हा मांजरसुद्धा नोंद झाल्याशिवाय आत येत नाही. सहाव्या दिवशी पुन्हा तेच. सातव्या दिवशी ‘पत्ता अपूर्ण’. कुरिअर कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून काही होतही नाही. कस्टमर केअरच्या यंत्राला हिंदी येत होती, इंग्रजी येत होती, मराठी नव्हती. वीस मिनिटं सनईसारखं काहीतरी ऐकवून फोन कट.

मग वाडी. अमरावती रोडवर ट्रकच्या रांगांमधून, चिखल उडवत. गोदामाला एक जाळीची खिडकी, वर पत्रा अर्ध्या हाताचा, त्यामुळे डोकं कोरडं आणि पाठ ओली. आतल्या मुलानं नंबर टाकला.

“होल्डवर हाय भाऊ.”

“काहून?”

“सिस्टिम नाही सांगून राहिलं.”

“मंग कोणाला विचारू?”

“कस्टमर केअरले फोन लावा ना जी.”

कस्टमर केअरचा माणूस अखेर भेटला तेव्हा त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं की हबला, म्हणजे त्याच गोदामात, जाऊन विचारा.

दुसऱ्या चकरेत कळलं की ओटीपी लागेल. ऑर्डर बायकोच्या नंबरवरून केलेली, बायको वर्ध्याला माहेरी. तिनं ओटीपी सांगेपर्यंत त्याची मुदत संपली, दुसरा मागवला तर सिस्टिम म्हणाली अर्ध्या तासानं प्रयत्न करा. अर्धा तास उभा राहिलो. ओटीपी आला, लागला, हिरवी खूण दिसली. मुलगा आत गेला आणि हात हलवत परत आला. पार्सल ‘केज’मध्ये, म्हणजे कुलूपबंद जाळीत, आहे आणि केजची चावी ज्यांच्याकडे आहे ते जेवायला गेलेत. तेव्हा पावणेपाच वाजले होते.

तिसऱ्या चकरेत चावीवाले सुट्टीवर. पण एक भला माणूस भेटला. टेम्पोत माल चढवत होता, त्यानं माझ्या मोबाईलवरचं ऑर्डरचं पान वाचलं आणि एका वाक्यात उलगडा केला. पार्सलच्या वर्णनात ‘फायर स्टार्टर, मॅचेस’ असं छापलंय. पेटणाऱ्या वस्तू विमानातून जात नाहीत, म्हणून ते वेगळं काढून रस्त्यानं पाठवलं, आणि इथे आल्यावर पिवळी पट्टी बघून कोणीतरी केजमध्ये टाकलं. आता ‘यात आगकाड्या नाहीत’ असं लेखी लागेल. नियम चूक नव्हता, हे मी आता मान्य करतो. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जात होतं? ‘ग्राहक उपलब्ध नाही’ ही थाप कशाला? माझे बाबा अजून त्या मेसेजवर खवळतात. त्यांच्या पहाऱ्यावर शंका घेतल्यासारखं झालंय ते.

विकणाऱ्याला मेल केला. उत्तर आलं की आमच्या किटमध्ये आगकाड्या नसतात, वर्णन जुनं आहे. लेटरहेडवर द्या म्हटलं तर दोन दिवस गप्प, मग एक पीडीएफ. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढली, आधारची प्रत जोडली, स्वतःचा अर्ज लिहिला, ‘महोदय’पासून ‘आपला विश्वासू’पर्यंत. एकोणिसाव्या दिवशी चौथी चकर.

चावीवाले होते. त्यांनी माझे तिन्ही कागद हातात घेतले आणि न वाचता चहाच्या ग्लासाखाली ठेवले. मग खोका कानाजवळ नेला आणि तीनदा हलवला, नारळ बघतात तसा. आत काहीतरी खडखडलं. ते थोडं थांबले, पुन्हा हलवलं.

“काडेपेटीचा आवाज नाही येत. घेऊन जा.”

एकोणीस दिवसांची तपासणी ही अशी झाली.

खोका उघडला तर आणखी चीड. बटणाएवढं होकायंत्र दर वेळी वेगळी उत्तर दाखवत होतं. तारेची करवत, मासे पकडायचे गळ. व्याघ्र प्रकल्पात मी गळ टाकून बसणार होतो का? शिट्टी गोळीवाली. क्लोरिनच्या गोळ्या मात्र हव्या तशा, फक्त मुदत दोन महिन्यांत संपणारी. माझं यंदाचं काम त्यांत निभलं, पुढच्या वर्षी पुन्हा शोध. पावसाळ्यातलं पाणी गढूळ असतं, ते आधी दुपट्ट्याच्या चार पदरांतून गाळायचं, मग गोळी, मग अर्धा तास हात लावायचा नाही. हा अर्धा तासच लोकांना जड जातो.

सगळ्यात वाईट निघाली ती रबरी वाटी, दोरी आणि ब्लेड, वर ‘सर्पदंश किट’ असा शिक्का. ती मी त्याच क्षणी कचऱ्यात टाकली आणि तुमच्याकडे असेल तर तुम्हीही टाका. चीर देणं, चोखणं, आवळून बांधणं, यांतल्या एकाही गोष्टीनं विष निघत नाही, उलट अवयव जायची वेळ येते. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, आपल्याकडचे बहुतेक जीवघेणे दंश या चौघांचे, आणि उपाय एकच, दवाखान्यात मिळणारं प्रतिविष. ते पिशवीत ठेवायची वस्तू नाही, ते देताना डॉक्टर शेजारी लागतो. आपण करायचं ते एवढंच की माणसाला चालू द्यायचं नाही, चावलेला हात-पाय काठी आणि क्रेप बँडेजनं हाड मोडल्यासारखा स्थिर करायचा, अंगठी-घड्याळ-जोडवी काढायची आणि निघायचं. म्हणून माझ्या पिशवीत दहा सेंटिमीटर रुंदीचं बँडेज आहे. वजन कमी करताना बरंच काही काढलं, ते काढलं नाही.

वजनाचं सांगायचं राहिलं. पहिल्यांदा सगळं भरून गल्लीतल्या डेली नीड्सच्या काट्यावर ठेवलं तर दीड किलोला जेमतेम चाळीस ग्रॅम कमी. दुकानवाल्या काकूंनी विचारलं, “रद्दी आहे का?” मग कापाकापी. मोठी कात्री गेली, काचेची औषधाची बाटली गेली, तयार किटमधल्या सोळा वस्तूंपैकी चौदा गेल्या. जाडजूड रेनकोटऐवजी दोन मोठ्या काळ्या कचऱ्याच्या पिशव्या. एकीला डोक्यापुरतं भोक पाडलं की पाऊस आणि वारा दोन्ही अडतात. मागच्या वर्षी त्या कपारीत माझ्याकडे ही एक पिशवी असती तर मी हा सगळा उपद्व्याप केलाच नसता.

टॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवायचा. मग बटण दाबलं गेलं तरी तो पेटत नाही. अंधारात सेल सुलटा करायची सवय घरीच दिवे बंद करून करावी. मी केली, तर आईनं विचारलं की लाईट बिल भरलं नाही का.

ओआरएस घेताना पाकिटावर एक लिटरचं, २०.५ ग्रॅमचं, असं बघून घ्या. गोड चवीच्या डब्यातल्या पेयांनी ते काम होत नाही. मदतीसाठी शिट्टी तीनदा, थोडं थांबून पुन्हा तीनदा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ लावून बघायचा, तो दुसऱ्या कंपनीच्या नेटवर्कवरूनही जातो. शेंगदाण्याची चिक्की शंभर ग्रॅम धरली होती, पण पुतण्याला थैलीची चेन उघडता यायला लागल्यापासून ती दर रविवारी नव्यानं भरावी लागते. तुमच्या घरात मुलं असतील तर फुटाणे ठेवा.

आता ती काडी. घरी आणून घासली तर ठिणगीच नाही. मला वाटलं, नकली आहे. अर्ध्या तासानं लक्षात आलं की नव्या काडीवर काळा रंग असतो, तो पात्यानं आधी खरवडून काढावा लागतो. खरवडला आणि दुसऱ्याच घासेला व्हॅसलिन लावलेल्या कापसानं पेट घेतला. गच्चीवर, रिमझिम पावसात. त्या क्षणी वाडीच्या चारही चकरा मी माफ केल्या होत्या.

रविवारी मावसभाऊ जेवायला आला. तो वनरक्षक आहे. मी मोठ्या तोऱ्यात काडी दाखवली, ठिणग्या उडवल्या.

“हे कुठं नेऊन राहिला तू?”

“नागद्वारले.”

“अभयारण्यात आग लावणं गुन्हा हाय बे. १९७२चा कायदा हाय. तिकडच्यानं नाही धरलं तर मी येऊन धरीन तुले.”

मी काही बोललो नाही. भाजी वाढून घेतली.

काडी आणि व्हॅसलिनचा कापूस काढल्यावर पिशवी ७६० वरून बरोबर ७०० ग्रॅमवर आली. त्याच आठवड्यात आईचा गॅसचा लायटर बंद पडला, आणि तेव्हापासून काडी ओट्याशेजारच्या खिळ्याला लटकते आहे. ठिणगी उत्तम पडते, आईची तक्रार फक्त एकच आहे. काडीला एक हात, पात्याला एक हात, मग गॅसचा खटका कोण फिरवणार? त्यासाठी ती व्हरांड्यातून बाबांना हाक मारते.