चंदाची प्रगती: तंग जमला, चढणं बाकी

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना चंदाने कान पाडणं सोडलं, ही या खेपेची मोठी बातमी. मारवाडी घोडीचे कान आत वळलेले, टोकं जवळजवळ भिडणारी. तिची नाराजी लांबूनही कळते. पूर्वी खोगीर पाठीवर पडायच्या आधीच कान मागे जायचे, पोट फुगायचं, आणि हात तंगाकडे गेला की दात पुढे यायचे.

सुरुवातीलाच डॉक्टरांकडून पाठ आणि दात तपासून घेतले. दुखणाऱ्या घोडीला ‘समजावत’ बसणं म्हणजे नुसता छळ. वरच्या दाढांना बाहेरच्या अंगाने धार आली होती, ती घासून घेतली. खोगीर मणक्याला कुठे टेकत नव्हतं.

मग तंग पोटाला नुसता टेकवायचा, कान पुढे आले की लगेच काढायचा. घोडी शिकते ती दाब सुटतो त्या क्षणी. सोडायला उशीर झाला तर भलतंच शिकून बसते. ते जमल्यावर एक भोक, एक फेरी, पुन्हा एक भोक. शेवटी तंगाखाली दोन बोटं जातील इतपत. मधूनमधून आयाळ संपते तिथे खाजवतो. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात, आणि तिथे खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात. गाजरापेक्षा चंदाला हेच प्यारं, खिशालाही बरं.

ती वरातीत नाचवलेली घोडी. ओठांच्या कोपऱ्यांत काटेरी लगामाचे वण आहेत. ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या नियमांत असा लगाम बंद आहे, तरी तो दिसतोच. सध्या सगळं काम म्होरकीवर, तोंडात काही नाही. पण बिनलगामी म्हणजे आपोआप प्रेमळ, हे मला पटत नाही. नाकाच्या हाडाचं खालचं टोक नाजूक असतं. म्होरकी तिथे उतरली आणि हिसका बसला तर तीही दुखवतेच. घोड्यांची निगा राखणारे आमचे मोतद्दार काका म्हणायचे, “लाडाने डोक्यावर बसवाल.” आता तेच तिला नुसत्या “हो…”वर थांबवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

अडलंय ते चढताना. चढायच्या ओट्यापाशी उभी राहते, पण रिकिबीत पाय गेला की चालू पडते. सध्या भार टाकायचा, ती स्थिर असतानाच उतरायचं, एवढंच. उसाच्या ट्रॉल्या सुरू व्हायच्या आत तिला रस्त्यावर काढायचा बेत होता, तो पुढे ढकललाय.