पदकाच्या कडेवरचा आकडा

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी पथाऱ्या पसरतात. तिथल्या नाण्यांच्या एका ढिगातून दोन वर्षांपूर्वी मी हे पदक उचलले. विक्रेत्याने ते जुना रुपया समजून टाकले होते, परंतु ते रुपयाहून मोठे, सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचे होते आणि त्याच्या एका बाजूला घोड्यावर बसलेला विवस्त्र पुरुष व १९१४ आणि १९१८ ही साले होती. रिबीन अडकवायची दांडी तुटलेली होती आणि तिच्या जागी तांब्याची साधी कडी डाग देऊन बसवलेली होती. दुसऱ्या बाजूचा पाचवा जॉर्ज नाकाडोळ्यांसकट झिजून सपाट झाला होता, घोडेस्वार मात्र शाबूत होता. कोणीतरी हे पदक दोऱ्यात ओवून, राजाला छातीकडे करून, वर्षानुवर्षे गळ्यात वागवले होते.

पदक म्हटले की पराक्रम, असा पुष्कळांचा समज असतो. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ नावाचे हे पदक मात्र पहिल्या महायुद्धातील सेवेबद्दल दिले गेले आणि चांदीची अशी सुमारे ६५ लाख पदके निघाली. त्याचे मोल त्याच्या कडेवर असते, कारण तिथे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कडेवर पातळ कागद धरून मी शिसपेन्सिलीने हलक्या हाताने घासले, तेव्हा अक्षरे उमटली: ‘सिपॉय’ हा हुद्दा, एक मराठी नाव आणि ११७वी मराठा पलटण. ते नाव इथे मुद्दाम देत नाही, कारण ते आधी त्याच्या घरच्यांना कळावे अशी माझी इच्छा आहे. क्रमांकातील एक आकडा तेवढा नीट लागेना, तो ३ असावा किंवा ८.

११७वी मराठा ही पलटण ज्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती, तिच्या नावातच पुणे होते. ही पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये इराणच्या आखाताच्या टोकाशी फाव येथे उतरली, तिने बसरा घेतले आणि पुढच्या वर्षी बगदादच्या वाटेवरून माघार घेऊन ती कुत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शिधा संपत आला तेव्हा घोड्यांचे मांस वाटले गेले, आणि धर्म बुडेल या भीतीने अनेक भारतीय शिपायांनी ते कित्येक आठवडे नाकारले. अखेरीस सुमारे १३,००० सैनिक तुर्कांच्या कैदेत गेले आणि वाळवंटातल्या पायपिटीत व छावण्यांत त्यांतील हजारो दगावले. ज्या शहराचे नाव त्या डिव्हिजनला होते, तिथे आज हे क्वचितच कोणी बोलते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुण्यात शोध घेणारा माणूस प्रथम खडकीच्या युद्धस्मारकाकडे जातो, तशी मीही गेले. पण तेथील पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर असलेली १,८०० हून अधिक नावे भारतातच मृत्यू पावलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्यांसाठी बसऱ्याचे स्मारक आहे, आणि त्याच्या भिंतींवर साध्या भारतीय शिपायांची नावे न कोरता केवळ संख्या कोरली गेली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ मध्ये या भेदभावाची कबुली देऊन क्षमा मागितली. नावे आयोगाच्या नोंदींत आहेत, पण ती शोधण्यासाठी इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐकावे लागते, कारण तिथे जाधवांचा ‘जाधाओ’ होतो आणि पवारांचा ‘पोवार’.

त्या नोंदींत मला तोच हुद्दा, तेच नाव, तीच पलटण सापडली. क्रमांकात ८ होता, मृत्यू १९१६ सालचा होता आणि सोबत वडिलांचे नाव व सातारा जिल्ह्यातले गावही होते. त्या गावच्या सरपंचांशी माझे फोनवर बोलणेही झाले. निघण्याआधी, केवळ खात्री म्हणून, पदक रविवार पेठेतल्या एका वयस्कर सराफांना दाखवले. त्यांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ कड फिरवली आणि म्हणाले, “ताई, झिजेनं खाच उथळ होते, पण तिचा माग राहतो. इथं डावीकडे ठोकाच बसलेला नाही. हा तीनच आहे.”

म्हणजे हा माणूस दुसरा होता. ३ घालून मी सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि तो कुठेच मिळाला नाही. आयोगाच्या नोंदी ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतच्या मृत्यूंच्या आहेत, तेव्हा बहुधा तो घरी परतला होता. एखाद्या नातेवाइकाची खुशाली कळावी तसा मला आनंद झाला. मात्र त्याच क्षणी त्याच्या गावाची वाट बंद झाली, कारण मेलेल्या शिपायाच्या नोंदीत बापाचे नाव आणि गाव असते, जगलेल्याच्या पदक-कार्डावर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण एवढेच. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत, इथून इतकी माणसे महायुद्धावर गेली आणि त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, असे सांगणाऱ्या संगमरवरी पाट्या आहेत. परतलेल्यांची मोजदाद तिथे वजाबाकीने होते, पण नावे नसतात.

मग मी त्या आडनावाची गावे धरून फिरू लागले. पाचव्या गावात एका आजींनी सांगितले की त्यांच्या आजेसासूच्या गळ्यात ‘बसऱ्याचा बिल्ला’ असे आणि १९७२ च्या दुष्काळात तो विकला गेला. मी पदक त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी अंगठ्याने तांब्याची कडी चाचपली, मग सपाट झालेली बाजू खाली करून ते तळहातावर पालथे घातले. त्यांच्या आजेसासऱ्यांचे नाव पदकावरच्या नावाशी जुळते, आडनाव जुळत नाही. भरतीच्या वेळी एक आडनाव आणि जमिनीच्या कागदावर दुसरे, असे घडत असे, परंतु एकदा मी हे पदक चुकीच्या घरी देणारच होते, म्हणून ते तूर्त माझ्याकडेच ठेवले आहे. तहसील कार्यालयात जुने फेरफार पाहण्यासाठी अर्ज दिला आहे, आणि वारसनोंदीत दोन्ही आडनावे एकत्र सापडली की त्याच दिवशी आजींना फोन करणार आहे.